मोंढ्याजवळचं सार्वजनिक शौचालय: चालवायचा खर्च कुणाच्या खिशातून?

मोंढा_नाका
आमच्या नगरपालिकेनं मोंढा (धान्याची बाजारपेठ) आणि आठवडी बाजाराच्या मधल्या जागेत नवं सार्वजनिक शौचालय मंजूर केलंय. 8 सीट, एक दिव्यांगांसाठी, पुरुषांना 4 मुताऱ्या. जुनं होतं ते मोटर जळाल्यावर बंद पडलं आणि कुलूप लागलं ते लागलंच. आता बांधून झालं की लिलाव करायचा, जास्त बोलीवाल्याला चालवायला द्यायचं आणि त्यानं माणशी 5 रुपये घ्यायचे, असा ठराव येणार आहे. व्यापारी म्हणायलेत, मालमत्ता कर भरतो, वर हे पैसे कशाचे? भाजी घेऊन आलेल्या बाया सकाळी सहाला बसतात त्या दुपारी चारपर्यंत जागा सोडत नाहीत, म्हणून पाणीच पीत नाहीत. रोजची वर्दळ 500 धरा. हरकतीत नेमकं काय लिहावं? हिशेब कसा मांडावा?

बालाघाट_हिशेब
पहिलं वाक्य कायद्याचं लिहा. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम 1965, कलम 49: सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं, सांभाळणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. महापालिकांना तेच 1949 च्या अधिनियमातल्या कलम 63 नं लागू होतं. म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यासारखाच हा पालिकेचा खर्च. त्यातून उत्पन्न काढायची अपेक्षाच चुकीची आहे.

आता हिशेब. दर तुमच्या गावचे घाला, मी नमुन्यादाखल आकडे धरतो. दोन पाळ्यांना दोन माणसं आणि सुट्टीला बदली एक, प्रत्येकी 15,000 म्हणजे 45,000. वीज 3,000, फिनाईल-साबण-झाडू-हातमोजे 5,000, दुरुस्तीसाठी बाजूला 5,000, टाकी उपसण्याचा महिन्यावर पडणारा खर्च 2,000. झाले 60,000. पाणी माणशी सरासरी 6 लिटर धरलं तर दिवसाला 3,000 लिटर. बोअर आटल्यावर हेच पाणी विकत घ्यायचं, महिन्याला 10,000 लिटरचे 9 टँकर, टँकरला 1,500 धरले तर आणखी 13,500. मार्च ते मे असे तीन महिने धरा. वर्षाचा खर्च 7,60,500.

आता जमा. लघवी सगळ्यांना मोफत ठेवली आणि संडासाला 5 रुपये घेतले, रोज 150 जण आले, तर महिन्याला 22,500, वर्षाला 2,70,000. तूट 4,90,500. गावात 20,000 मालमत्ता असतील तर मालमत्तेमागे वर्षाला 25 रुपयेसुद्धा होत नाहीत. ही ओळ हरकतीत ठळक लिहा, कारण सभागृहात "परवडत नाही" एवढंच बोललं जातं.

लिलावाचं म्हणाल तर ठेकेदारानं पालिकेला दिलेला पैसा कुठून तरी निघणारच. तो दुसऱ्या पाळीच्या माणसातून निघतो, फिनाईलातून निघतो, आणि शेवटी बायकांकडून लघवीचेही पैसे घेऊन निघतो. म्हणून बोली उलटी लावायला सांगा: ठरलेल्या दर्जानं चालवायला जो महिन्याला कमीत कमी मागेल त्याला काम. मजुरी मात्र बोलीबाहेर ठेवा. किमान वेतन आणि भविष्यनिधी ठरलेला, बोली फक्त बाकीच्या खर्चावर. नाहीतर कमी बोली सफाई कामगाराच्याच पगारातून येते.

तूट कुणी भरायची, तर ज्यांच्यामुळं गर्दी होते आणि त्या गर्दीवर जे पैसा घेतात, त्यांनी. आठवडी बाजाराची तहबाजारी, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतले जाणारे जागेचे पैसे, पालिकाच घेते. त्यातला ठरावीक हिस्सा शौचालयाच्या लेखाशीर्षाला (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याला) बांधून घ्या. मोंढ्यातल्या हमाल-मापाडी-शेतकऱ्यांचा भार बाजार समितीवर टाका, ती बाजार फी घेते ती सोयींसाठीच. पालिकेच्या गाळ्यांच्या भाड्यातून थोडा. उरलेलं सामान्य निधीतून.

काळी_माती
बांधकामाबद्दल, कारण जुनं का पडलं ते नुसत्या मोटरीवर जात नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. माती पावसाळ्यात फुगते, पाणी मुरत नाही, सेप्टिक टँकचं पाणी उलटं येतं किंवा नालीत जातं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि विटांची टाकी तडकते. म्हणून अंदाजपत्रकात आरसीसी टाकी मागा, काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदाई, टाकीभोवती वाळू-मुरुमाची भर. टाकी बांधून झाली की लगेच पाण्यानं भरून ठेवायची, रिकामी टाकी पहिल्याच पावसात उचलली जाऊ शकते. टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठं जाणार, हे नकाशात दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नका. उपसायच्या गाडीला झाकणापर्यंत रस्ताही हवा. झाकणासमोर हातगाडे लागले की गाडी जात नाही, मग माणूस आत उतरवला जातो. हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भांडी: ग्रामीण शौचालयात बसवतात ती जास्त उताराची, 25 ते 28 अंशांची, 20 मिलिमीटर पाण्याच्या सीलचा ट्रॅप (वास अडवणारा, पाणी साचून राहणारा वाकडा पाइप) असलेली. दीड-दोन लिटरमध्ये साफ होतात. साध्या भांड्याला फ्लशची टाकी लावली की एका वेळी दहा लिटर जातात, आणि क्षारामुळं आतला वॉल्व्ह काही महिन्यांत बसत नाही, रात्रभर पाणी गळतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात पाण्याचा हिशेब आधी आणि फरशीचा नंतर.

पाण्याच्या टाक्या दोन: बोअरचं पाणी संडासाला, हात धुवायला वेगळी. नळ प्लास्टिकचे घ्या, पितळेचे चोरीला जातात. मोटरीला कोरडी पडल्यावर बंद करणारं उपकरण लावा. बोअर आटल्यावर मोटर जळते ती हे उपकरण नसल्यामुळंच.

मुताऱ्यांच्या पाइपात जड पाण्याचा पिवळा थर बसतो आणि सगळा वास तिथूनच येतो. पाइप 75 मिलिमीटरचा, सरळ, प्रत्येक वळणावर उघडता येणारं झाकण. थर काढायला अॅसिड टाकतात, पण ते फरशीचे सांधे खातं आणि टाकीतले जिवाणू मारतं. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र नाही, क्लोरीन वायू होतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवून घ्या.

बाजार_बाया
नकाशातला मूळ दोष कुणी सांगितला नाही. पुरुषांना 4 मुताऱ्या, बायकांना शून्य. म्हणजे बाईनं लघवीलाही सीटच वापरायची, आणि सीट म्हटलं की 5 रुपये. दिवसात तीनदा गेली तर 15 रुपये, मेथीच्या जुड्यांच्या धंद्यात ते मोठे आहेत. बायकांसाठी बसक्या मुताऱ्या लिहून घ्या: खांद्याएवढी भिंत पुरत नाही, पूर्ण दार आणि आतून कडी पाहिजे, पाय ठेवायला खरबरीत फरशी, पाण्याचा एक नळ, मग. जागा सीटपेक्षा कमी लागते, पाणीही.

सीटही निम्म्या-निम्म्या करू नका. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी निकषात 100 पुरुषांमागे 1 आणि 100 महिलांमागे 2 असं धरलंय. 8 मधल्या 5 बायकांना मागा.

प्रत्येक दाराच्या आत पिशवी टांगायला खुंटी, कारण गल्ल्याचे पैसे सोबत असतात आणि ओल्या फरशीवर ठेवता येत नाहीत. झाकणाचा डबा प्रत्येक खोलीत, बाहेर एकच ठेवला तर पॅड भांड्यात जातो आणि लाइन तुंबते. बायकांचं दार पानटपरीच्या बाजूला नको. आणि बायकांच्या बाजूला राखायला बाईच.

मोंढा_नाका
तहबाजारीचा ठेका मार्चअखेर संपतो. तोपर्यंत हिस्सा कसा बांधायचा? आणि ठेकेदाराचं बिल पालिकेनं थकवलं तर परत कुलूप लागेल.

बालाघाट_हिशेब
नव्या तहबाजारीच्या निविदेतच अट घाला, आणि अर्थसंकल्पाच्या सभेआधी "सार्वजनिक शौचालय देखभाल" असं स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. शीर्ष नसेल तर पैसा दुसरीकडं वळतो.

बिलासाठी तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात आधीच ठेवायची. कपातीचा तक्ता करारालाच जोडायचा: पाणी नाही तर त्या दिवसाचं बिल नाही, मोफत मुतारीचे पैसे घेतले तर दर तक्रारीला ठरलेला दंड, बिघाड 48 तासांत दुरुस्त नाही तर पालिकेनं करून बिलातून वळते करायचे. दर आणि मोफत काय ते दारावर रंगवलेलं हवं, कागदी फलक दोन दिवसांत जातो.

जुन्या ठेक्याचा करार आणि वसुलीची नोंद माहिती अधिकारात आजच मागा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मुदत 30 दिवस. हरकतीच्या मुदतीत उत्तर येणार नाही, तरी अर्जाची पोच हरकतीला जोडा; सभेत तोच कागद पुढं करता येतो.