व्हर्च्युअल म्हणजे आभासी? आणि 'फॅब्रिक'ला मराठीत काय?

अनुवादखोर
एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळासाठी टिपण मराठीत करून देतोय. विषय असा की डेटा सेंटरमधलं जुनं नेटवर्क काढून 'व्हर्च्युअलाइज्ड स्विचिंग फॅब्रिक' बसवायचं. मी लिहिलं 'आभासी जोडणी-जाळे'. कच्चा मसुदा वाचून एका ज्येष्ठ संचालकांचा फोन आला, "आभासी म्हणजे नसलेलं ना? मग नसलेल्या जाळ्याला एवढे पैसे कशाला?" मला उत्तर सुचेना. फॅब्रिकला काय म्हणू, आणि 'आभासी' कसा टाळू? परवा बैठक आहे.

निवृत्त_मास्तर
संचालकांचं काय चुकलं? 'आभासी' आपल्याला भेटला तो शाळेत, प्रकाशाच्या धड्यात. सपाट आरशातली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. तिथे शब्द चपखल. पण व्हर्च्युअलच्या मुळाशी लॅटिन 'व्हिर्टुस' आहे, म्हणजे सामर्थ्य, गुण. रूप नसेना का, गुण येतो. आपला शब्द नेमकं उलटं सांगतो, दिसतं पण हाती लागत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी
मग 'मानीव' घ्या की! मानीव अभिहस्तांतरण आता गल्लीबोळात माहीत आहे. बिल्डर सही करत नाही, तरी जमीन सोसायटीच्या नावावर चढते. तसा मानीव स्विच.

रूटरवाला
हसू आलं, पण बसतंय हो. स्विच म्हणजे संगणकांच्या वायरी एकमेकींना जोडणारी पेटी. अशा दहा-वीस वेगवेगळ्या पेट्या असतात आणि बाहेरून सगळे मिळून एकच स्विच आहे असं मानलं जातं. सेटिंग एका जागी करायचं, ते सगळीकडे पोचतं. एकाच जाळ्यात वेगळे विभाग पाडायची जुनी पद्धत म्हणजे व्हीलॅन, तिचा क्रमांक १२ बिटांचा, त्यामुळे ४,०९४ विभागांत गाडी अडते. नवी पद्धत व्हीएक्सलॅन, तिचा २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. यात खोटं काही नाही.

अनुवादखोर
फॅब्रिक राहिलं.

सुलभा_ताई
'वीण'. समाजाची वीण उसवली असं आपण लिहितोच ना?

पक्षीवेडा
'स्विचची वीण' वाचून मला वाटलं स्विचचा विणीचा हंगाम सुरू झाला. किती अंडी घालतात?

सुलभा_ताई
संदर्भानं अर्थ कळतो. 'कळ' दाबतात, 'कळ' येते आणि 'कळ' लावतातही. कुणाची गल्लत होते?

इचलकरंजीकर
आमच्या घरात चार यंत्रमाग होते, म्हणून बोलतो. फॅब्रिक म्हणजे कापड, तर कापडासारखं नक्की काय असतं त्यात? कुणीतरी साध्या भाषेत सांगा.

रूटरवाला
सांगतो. पूर्वी दोन स्विचमध्ये दोन वायरी टाकल्या की माहितीचं एखादं पाकीट गोल गोल फिरत राही, कारण इथरनेटच्या, म्हणजे ऑफिसातल्या वायरींच्या जाळ्यातल्या, पाकिटावर 'इतक्या टप्प्यांनंतर मर' असं काही लिहिलेलं नसतं. त्यावर १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री नावाची रीत काढली. ती जादा वायर अडवून ठेवते आणि पहिली तुटली तरच उघडते. म्हणजे पैसे दोन वायरींचे, काम एकीचं. फॅब्रिकमध्ये स्विचचे दोन थर असतात, खालचे लीफ आणि वरचे स्पाइन. प्रत्येक लीफची वायर प्रत्येक स्पाइनला जाते आणि सगळ्या वायरी एकाच वेळी राबतात. चार स्पाइनपैकी एक मेला तर वरची वाट पाव हिश्शाने अरुंद होते, बंद पडत नाही.

इचलकरंजीकर
लीफची वायर लीफला जाते का?

रूटरवाला
नाही. सरळ मांडणीत स्पाइनचीही स्पाइनला जात नाही.

इचलकरंजीकर
मग कापडच की ते! ताण्याचा, म्हणजे उभा, धागा ताण्याला छेदत नाही, बाण्याचा, म्हणजे आडवा, बाण्याला नाही, पण प्रत्येक ताण्याची गाठभेट प्रत्येक बाण्याशी. एक सूत तुटलं म्हणून कापड फाटत नाही. 'वीण'च लिहा डोळे झाकून.

निवृत्त_मास्तर
दृष्टांत गोड, व्युत्पत्ती नाही. लॅटिन 'फाब्रिका' म्हणजे कारागिराचा कारखाना, बांधणी. इंग्रजीतही फॅब्रिक म्हणजे आधी इमारत, कापड मागाहून. 'बांधणी' म्हणा.

सुलभा_ताई
मास्तर, बांधणी ही तर साडी!

टेलिफोनवाले_काका
तुम्ही सगळे कॉम्प्युटरमधून आलात. हे आमचं आहे. जुन्या क्रॉसबार टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या असत, जिथे छेदतील तिथे कॉल जोडला जाई. कमीत कमी छेद ठेवून कुणाचाच कॉल अडू नये, याचं गणित बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली मांडलं, दोन नव्हे तीन थरांचं. लीफ-स्पाइन हे तेच, मधून घडी घातलेलं. आणि स्विचला अजून कुणी हात लावला नाही. वडील रेल्वेत होते. रुळांच्या स्विचला मराठीत 'सांधा' म्हणतात. गाडी आली की बघायचं कुठल्या रुळावर घालायची, सांधा बदलायचा. तुमचा स्विच दुसरं काय करतो? 'सांधेजाळे' लिहा.

पक्षीवेडा
मानीव सांधेजाळे. संचालकांना वाटेल गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

शुद्धलेखन_पोलीस
ही सगळी कसरत कशासाठी? बँकेत 'स्विच' शिपायालाही कळतो. 'फॅब्रिक' देवनागरीत लिहा, खाली दोन ओळी समजावून द्या. अर्थ पोचला की झालं.

निवृत्त_मास्तर
'महापौर'ही सावरकरांनी दिला तेव्हा लोक हसलेच होते. आज 'मेयर' म्हणून बघा.

शुद्धलेखन_पोलीस
त्यांचे रुजलेले शब्द सगळे मोजतात. न रुजलेले कोण मोजतो?

अनुवादखोर
मंडळी, बैठक उद्यावर आली.

सुलभा_ताई
बाण्यावरून आठवलं, 'मराठी बाणा' मधला बाणा हाच का? हिंदीत 'बाना' म्हणजे आडवा धागा, आणि वेशही. माझी आजी म्हणायची, अंगावरच्या कापडावरून माणसाचा बाणा कळतो.

निवृत्त_मास्तर
मी तर तो 'बाण' वरून समजत आलोय. ताठ, सरळ.

इचलकरंजीकर
आणि मी ताणा-बाणा म्हणालो खरा, पण ते पुस्तकातलं. आमच्या शेडमध्ये उभ्याला बीम आणि आडव्याला कांडी. कांड्या भरायला आई बसायची. 'मराठी कांडी' म्हणून बघा आता.