मामांना खोट काढता येणार नाही असा बंदुकीचा गेम सुचवा

भाचा_परभणीचा

लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० आहे. बजेट हजार-बाराशे, सेलमध्ये बसवून घेऊ. लाईटचा आणि नेटचा भरवसा नाही, त्यामुळं ऑफलाइन चालणारा असावा.

आता अडचण सांगतो. आमचे मामा एसआरपीएफच्या हिंगोलीच्या गटातून रिटायर झालेत. गुडघ्याच्या इलाजासाठी महिनाभर आमच्याकडं आहेत. मी गेम लावला की खुर्ची ओढून पाठीमागं बसतेत. परवा काउंटर-स्ट्राइक १.६ लावला होता. मामा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "भाचे, एकेचं कॉकिंग हँडल डाव्या अंगाला कसं आलं? डावीकडं तर एसएलआरला असतंय."

(कॉकिंग हँडल म्हणजे गोळी चढवायला ओढायचा दांडा, एसएलआर म्हणजे जुनी रायफल.) हा गेम मी सायबर कॅफेच्या जमान्यापासून खेळायलोय. एकदाही लक्षात आलं नव्हतं.

मग मोबाइलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, दाखवला. तिसातल्या बारा गोळ्या उडवून मी सवयीनं मॅगझिन बदललं.
"उरलेल्या अठरा कुठं गेल्या?"
म्हटलं, बॅगेत.
"सुट्या? मॅगझिनमधून काढल्या कुणी आन् कधी?"
मी निरुत्तर. त्यांच्या नोकरीत फायरिंग झाल्यावर एक रिकामी पुंगळी जरी कमी भरली तरी सगळे वाकून वाकून गवतात शोधत बसायचे, आणि इथं अठरा गोळ्या आपोआप खिशात!

तर मिलिटरी शूटर पाहिजे, आणि बंदूक बंदुकीसारखी वागली पाहिजे. ग्राफिक्सचं मला काही नाही.

लातूरचा_एफपीएस

मामांची नजर पक्की आहे. त्या गेममधल्या बंदुका मुळात डाव्या हातात धरलेल्या बनवल्या होत्या, म्हणजे बंदुकीची उजवी बाजू खेळणाऱ्याच्या तोंडासमोर. पुढं उजव्या हातात दाखवायच्या म्हणून आरशातल्यासारख्या उलटवल्या आणि हँडल डावीकडं गेलं. पुंगळ्याही तिकडूनच उडतात, डोळ्यासमोरून. दिसायला छान दिसतं म्हणून कुणी तक्रार केली नाही.

नावांचीही गंमत बघा. त्याच १.६ मध्ये एके-४७ चं नाव 'सीव्ही-४७' आहे आणि डेझर्ट ईगलचं 'नाइटहॉक'. बीजीएमआयमधली एम४१६ म्हणजे खरी एचके४१६. कॉल ऑफ ड्यूटीच्या २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये एकेएमला (एके-४७ ची सुधारलेली आवृत्ती) 'कास्तोव ७६२' करून टाकलं. बंदुकीच्या कंपन्यांचे ट्रेडमार्क, परवान्याचे पैसे, वरून बदनामीची भीती, म्हणून हे बारसं. २०१३ मध्ये ईए या गेम कंपनीनं सांगून टाकलं होतं की बंदूक कंपन्यांशी परवान्याचे करार करणार नाही, पण गेममध्ये खऱ्या बंदुका मात्र वापरत राहू.

गोळ्यांचंही तसंच. कार९८के ही जर्मन रायफल, तिची गोळी ७.९२ ची. बीजीएमआयमध्ये ती एकेएमचीच ७.६२ खाते. खेळणाऱ्यानं चार प्रकारच्या गोळ्या कशाला उचलत बसायच्या, हा हिशेब.

सुचवणी: इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म (२०१८). त्यात मॅगझिन बदललं की अर्धं भरलेलं मॅगझिन अर्धंच खिशात जातं आणि नंतर फिरून तेच हातात येतं. बटन पटकन दोनदा दाबलं तर जुनं मॅगझिन खाली फेकून नवं लावतो. वेळ वाचतो, पण त्या गोळ्या गेल्या. बॉटसोबत, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या खेळाडूंसोबत, एकट्यानं खेळता येतो.

शंकासूर

मामांनाच इथं आयडी काढून द्या.

बाराबोअर

लातूरकरांशी सहमत, पण माझं दुखणं शॉटगनचं आहे. आमच्या आजोबांकडं पीक राखायला परवान्याची डबल बार (दुनळी) होती. ज्वारीत रानडुकरं शिरली की हवेत एक बार काढायचे, अर्धं शिवार जागं व्हायचं. गेममधली शॉटगन दहा पावलांच्या पुढं पिचकारी होते. खऱ्या बाराबोअरचे मोठे छरे तीस-पस्तीस मीटरवरसुद्धा जनावर आडवं करू शकतात. ढोबळ हिशेब असा की गजाला इंचभर पसारा, म्हणजे दहा गजांवर जेमतेम वीतभर गोल. गेमवाले तेवढ्या अंतरात दार झाकेल एवढे छरे पसरवतात, नाहीतर सगळेच शॉटगन घेऊन पळतील. बॅलन्स म्हणे!

सायलेन्सरचा_फुसका

माझा आयडीच उत्तर आहे. गेममध्ये सायलेन्सर लावला की "फुस्स" आणि शेजारच्या खोलीतल्याला पत्ता नाही. रायफलचा बार साधारण १६० डेसिबलचा. सायलेन्सरनं त्यातले पंचवीस-तीस कमी होतात, म्हणजे राहिले १३०. आपल्याकडच्या वरातीतल्या डीजेच्या वर. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगानं जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका असतो, तो नळीला काही लावून जात नाही.

एनसीसी_सी_सर्टिफिकेट

मी आयुष्यात एकदाच खरी रायफल चालवली, नांदेडला कॉलेजात असताना कॅम्पमध्ये, पॉइंट टू टू. म्हणजे बंदुकांच्या जातीतलं शेळीचं पिल्लू. तरी काय आठवतं सांगू? धक्का नाही आठवत. चटईवर उपडं पडून कोपरं सोललेली आठवतात, आणि श्वास. उस्ताद ओरडायचे, "साँस रोक के!" आणि रोखला की छातीतल्या ठोक्यानं फोरसाइट (नळीच्या टोकावरची माशी) पेंडुलमसारखी हलायची. पाच गोळ्यांपैकी दोन माझ्या टार्गेटवर, एक शेजाऱ्याच्या, बाकी दोन गोदामाईला अर्पण.

हे हलणं थोडंफार अर्मा ३ मध्ये (२०१३, चेक लोकांचा गेम) आहे. पळून आलात की धाप लागते, नेम डुगडुगतो, ओझं जास्त तर लवकर दमता. रायफल भिंतीवर टेकवली की स्थिर होते. गोळीला वेळही लागतो. एकेएमची गोळी नळीतून सेकंदाला सातशे-सव्वासातशे मीटरनं सुटते, तीनशे मीटरवर पोचेपर्यंत अर्धा सेकंद जातो, तोवर माणूस दोन पावलं पुढं. बऱ्याच जुन्या गेममध्ये घोडा दाबला त्याच क्षणी समोरचा खाली, मधे अंतरच नसल्यासारखं.

पण तुमच्या मामांसाठी अर्मा नको. कीबोर्डवर इतकी बटनं पाठ करायची की मामा परत हिंगोलीला जातील.

लातूरचा_एफपीएस

मग रेड ऑर्केस्ट्रा २ (२०११). स्टालिनग्राडची लढाई, लॅपटॉपवर लोण्यासारखा चालेल. स्क्रीनवर गोळ्यांचा आकडा नाही, मॅगझिन जड की हलकं एवढंच कळतं. आणि बोल्ट आपण ओढायचा अशी सेटिंग आहे.

बाराबोअर

पोलिसातले असतील तर थ्री-नॉट-थ्रीसुद्धा हाताळली असेल. बोल्ट ओढणाऱ्याला हाच आवडेल.

इन्सासवाला

आपल्या सेनेची इन्सास रायफल आहे का कशात? ती पारदर्शक वीस गोळ्यांची मॅगझिन, एका दाबात तीन-तीन गोळ्यांचा बर्स्ट? का सगळं जग अमेरिकेची एम४ घेऊनच लढतं?

शंकासूर

अर्मा ३ ला भारतीय सेनेचे मॉड (खेळणाऱ्यांनी बनवलेली जोडणी) शोधा. देशी गेमचं विचारू नका, २६ जानेवारी २०२१ ला फौजी (FAU-G) हा गेम आला तेव्हा त्यात बंदूकच नव्हती, गलवानमध्ये नुसती हाणामारी.

एनसीसी_सी_सर्टिफिकेट

एक राहिलं. मिलिटरी शूटर नाही, पण मामांसाठी रिसीव्हर २ (२०२०) बघाच. सगळी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर. प्रत्येक हालचालीला वेगळं बटन. मॅगझिन काढा, एकेक गोळी दाबून भरा, लावा, स्लाइड ओढा, सेफ्टी बघा. पुंगळी अडकते, दोन गोळ्या एकदम शिरतात, आणि ते आपणच सोडवायचं.

भाचा_परभणीचा

अपडेट. सँडस्टॉर्म आणि रिसीव्हर २, दोन्ही सेलमध्ये घेतले.

सँडस्टॉर्मला मामांनी पासिंगपुरते मार्क दिले. मॅगझिन अर्धंच परत येतंय हे बघून "हां, आता कसं!" म्हणाले. पण मी गडबडीत मॅगझिन फेकलं की तोंड कडू. "उचल की ते. कुणाच्या नावावर इश्यू आहे?" समोरून गोळीबार चाललेला आणि मी ह्यांना नावावरचं सामान समजावून सांगायलो.

रिसीव्हर २ ला मात्र माऊस स्वतः घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. ग्लॉकची मॅगझिन भरायला पाच मिनिटं लागली, मोजून भरली, दोनदा. मग एक दिवा फोडला, खुश झाले, आणि घाईनं पिस्तूल कमरेला खोचायला गेले. बार मांडीत. गेम खलास.

मला वाटलं, आता चिडणार. मामा स्क्रीनकडं बघत बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. ह्यात कुणाला सूट नसती." आणि ड्युटीवरून आल्यावर बंदूक रिकामी करून दाखवायची पद्धत त्यांनी मला रिमोट हातात धरून करून दाखवली. जेवण गार झालं. मामी फोनवर होती, ती म्हणाली, हे आता रात्रभर चालणार.

शेवटची तक्रार अशी की दिवसभर गोळ्या झाडायच्या आणि संध्याकाळी बंदूक साफ कुणी करायची? फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) नाही, चिंदी नाही, तेलाची बाटली नाही. असा काही गेम असतो का हो?

सायलेन्सरचा_फुसका

असतो! वर्ल्ड ऑफ गन्स: गन डिसअसेंब्ली. फुकट उतरवता येतो. चिंदी मारायला मिळणार नाही, पण बंदूक स्क्रूपर्यंत खोलायची आणि परत जोडायची, वेळ लावून. आतला एकेक भाग कसा सरकतो तेही दिसतं, हवं तर अर्धी कापून.

भाचा_परभणीचा

डाउनलोड लावलंय. मधे लाईट गेली होती, आता साठ टक्के झालंय. मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. आधी माझी वेळ लावणार म्हणतेत.