पिकअपचा ॲक्सिलरेटर मधेच मरतो – पेडल, वायरिंग की डिझेल?

मंडळी, जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

गाडी २०११ ची डिझेल पिकअप, कॉमन रेल इंजिन, रनिंग २ लाख ४० हजार. आम्ही जुन्नर तालुक्यातले. नारायणगावचा टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला जातो, येताना रिकामे कॅरेट.

दुखणं असं. चालता चालता पाय कितीही दाबला तरी गाडी उचलत नाही. इंजिन बंद पडत नाही, आचके नाहीत, काळा धूर नाही. आरपीएम बाराशेच्या आसपास अडकतो आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कडेला घेऊन चावी बंद करायची, दहा आकडे मोजायचे, परत स्टार्टर मारला की गाडी पहिल्यासारखी. कधी दोन-दोन आठवडे काही नाही, आणि गेल्या मंगळवारी एका रात्रीत तीनदा. त्यातलं एकदा येताना माळशेजच्या चढावर, भर धुक्यात, मागे एसटी. शेजारी धाकटा भाऊ होता. तेव्हापासून रात्रीची खेप नकोशी वाटते.

डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. टाकी उतरवून आतली जाळी धुतली, थोडा गाळ निघाला, फरक शून्य. गॅरेजला स्कॅनर लावला तेव्हा पी२१३८ कोड आला, म्हणजे पेडलमधल्या दोन सेन्सरचा एकमेकांशी मेळ बसत नाही. मेकॅनिकने कोड जुना असेल म्हणून पुसून टाकला आणि आता पंप खोलू म्हणतोय. मला ते पटत नाही. डिझेल कमी पडलं असतं तर चावी फिरवून बरं झालं नसतं ना?

मी स्वतः मल्टिमीटर लावून पाहिलं. एक सिग्नल ०.७ पासून ४ व्होल्टच्या जरा खालपर्यंत जातो, दुसरा बरोबर त्याच्या निम्मा. म्हणजे सेन्सर चांगलाच दिसतो. पंपाचा खर्च करण्याआधी अजून काय तपासू?

प्रतिसाद

दादा, पंपाला हात लावू देऊ नका, पण चावीचं कारणही धरू नका. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब, पडलं तरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ताकद कापतो, आणि तेही बऱ्याचदा चावी फिरवली की जातं. फरक कोडमध्ये आहे. डिझेलचं असतं तर पी००८७ सारखा, रेल प्रेशर कमी असल्याचा कोड आला असता. तुमचा कोड पेडलचा आहे, त्यावरच विश्वास ठेवा.

आकड्यांचा मीटर क्षणभराची उडी दाखवत नाही, काट्याचा लावा. चावी ऑन, इंजिन बंद, पेडल अगदी हळू दाबा. रस्त्यावर पाय जिथे जास्त वेळ असतो त्या पाव-अर्ध्या दाबाला जास्त लक्ष द्या, जुन्या घासपट्टीच्या सेन्सरची पट्टी तिथेच झिजते. मग पेडल तसंच धरून दुसऱ्याला कनेक्टर आणि लूम (वायरींचा जुडगा) हलवायला सांगा. काटा थरथरला की सापडलं. इंजिन चालू असताना ईसीयूची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातही व्होल्टेज मोजा, ०.२ च्या वर असेल तर आधी अर्थ साफ करा. ब्रेक लाइट पाय काढल्यावर पेटलेले तर राहत नाहीत? काही गाड्यांत ब्रेकचा स्विच अडकला तरी ईसीयू रेस कापतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. रविवारी भावाला सोबत घेऊन केलं. ब्रेक लाइट ठीक, अर्थ ०.०५. पेडल दाबताना काटा सरळ गेला, पण भावाने पेडलचा कनेक्टर वर उचलला तसा दुसऱ्या सिग्नलचा काटा धाडकन शून्यावर. कनेक्टर उघडला तर एका पिनवर हिरवी पूड. वर पाहिलं तर पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून त्याच लूमवर ओघळल्याची खूण. माळशेजच्या धुक्या-पावसातच जास्त का व्हायचं ते आता कळलं.

पिना क्लीनरने धुतल्या, पण मादी बाजूची पकड ढिली वाटते. तेवढी पिन बदलून मिळते का, की पूर्ण कनेक्टर वायरसकट जोडावा लागेल? नारायणगाव, आळेफाटा किंवा चाकणकडे हे काम नीट करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा. गुरुवारी माल भरायचा आहे.