मदत हवी आहे: सकाळच्या बॅचकडून प्रश्न कळले तर ती कॉपीच ना?

मुलगी बारावीला, नीटची तयारी चालू आहे. क्लासची सराव परीक्षा दर रविवारी असते, म्हापशाला सकाळी आणि मडगावला दुपारी. पेपर मात्र तोच! सकाळची मुलं बाहेर पडली की आठवतील ते प्रश्न व्हॉट्सॲपवर टाकतात. फोटो नसतो, त्यामुळे कुणालाच गैर वाटत नाही. जुने पेपर सोडवणं वेगळं, ते सगळेच करतात.

नुसता सराव असता तर मी गप्प बसले असते. पण याच गुणांवर खास बॅच आणि फीची सवलत ठरते. मुलीने तीन रविवार तो ग्रुप उघडला नाही आणि ती यादीतून खाली आली. खरी नीट सगळीकडे एकाच वेळी होते, 720 गुणांची, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. तिथे हे कामाला येणार नाही, हे तिला कळतं. तरी रडते.

कुणाचं नाव न घेता सरांशी बोलले. "मुलं बोलणारच," म्हणाले. दुसरा पेपर काढायला वेळ नाही म्हणे. फी भरून झाली आहे, आता क्लास बदलणं शक्य नाही. मुलीला चुगलखोर ठरायचं नाही.

तुम्ही याला कॉपी म्हणाल का? आणि तिचं नाव पुढे न येता दुपारचा पेपर बदलून घ्यायचा तर क्लासकडे नेमकं काय मागावं?