सोसायटी ग्रुप: मास्क सहन होत नाही, मग दुसरं काय?

बी-४०३: नमस्कार मंडळी, टाकीच्या विषयात मध्येच वेगळं विचारते. ह्यांना दोन वर्षांपूर्वी स्लीप ॲप्निया निघाला. तपासणीत ताशी २२ वेळा श्वास अडतो असं आलं. मास्कमधून दाबाने हवा सोडणारं सीपॅप मशीन घेतलं, तीन महिने कसंबसं लावलं, आता ते कपाटात आहे. मास्क लावला की जीव घाबरा होतो म्हणतात. रात्री श्वास थांबला की मी उठून बसते आणि परत सुरू होईपर्यंत हलत नाही. दातांचे डॉक्टर तोंडात घालायचं काहीतरी करून देतात असं ऐकलं. कुणाला अनुभव?

ए-१०२: वहिनी, मी चौदा महिने वापरतोय. वरच्या आणि खालच्या दातांना एकेक साचा, रात्री घालायचा. खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो. पहिला आठवडा लाळेने उशी भिजायची, सकाळी दाढा एकमेकींवर नीट बसायच्या नाहीत. आता सवय झाली. गावाला जाताना डबीत टाकून नेतो, लाईट गेली तरी अडत नाही.

डी-६०१: हे ऑनलाइन पण मिळतं ना? गरम पाण्यात बुडवून चावायचं. लिंक टाकू?

सी-२०१: दादा, लिंक नको. मी स्वतः हे काम करते म्हणून कळकळीने सांगते. तसलं तयार उपकरण दातांवर पक्कं बसत नाही आणि जबडा किती पुढे न्यायचा ते हळूहळू ठरवता येत नाही. माप घेऊन केलेलं हवं. जबडा जितका पुढे येऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात करायची, मग स्क्रूने थोडं थोडं वाढवायचं.

सी-२०१: वहिनी, ताशी ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. म्हणजे तुमच्याकडे मध्यम आहे. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि घसा मिटतो. जीभ खालच्या जबड्याला जोडलेली, त्यामुळे जबडा पुढे आला की तीही पुढे येते आणि वाट मोकळी राहते. मेंदूकडूनच श्वासाचा इशारा जात नसेल, तर त्या प्रकाराला याचा उपयोग नाही. म्हणून आधीचा रिपोर्ट घेऊन या.

बी-४०३: पण डॉक्टर, मशीनइतका गुण येतो का?

सी-२०१: श्वास अडणं कमी करण्यात मशीनच सरस. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते मांडलं, अजूनही पहिली निवड तीच. पण कपाटातल्या मशीनचा उपयोग शून्य. सिडनीतच रुग्णांच्या एका गटाला एक महिना मशीन आणि एक महिना दातांचं उपकरण देऊन पाहिलं, २०१३ ची गोष्ट. ताशी श्वास अडण्याचा आकडा मशीनने जास्त उतरवला, पण उपकरण लोकांनी रात्री जास्त तास घातलं, आणि रक्तदाब व दिवसाची झोप यांत मशीन काही पुढे गेलं नाही. अमेरिकेतल्या झोपविज्ञानाच्या संस्थेने २०१५ मध्ये ज्यांना मशीन सोसत नाही त्यांना हे द्यावं असंच म्हटलंय. तरी आधी एकदा मास्कचा प्रकार बदलून पाहा. नुसत्या नाकपुड्यांशी बसणाराही मिळतो, पुष्कळांची घुसमट तेवढ्याने कमी होते.

सेक्रेटरी: टाकी उद्या १० ते १ धुणार. पाणी भरून ठेवा.

ए-३०४: आमच्यासारख्या पूर्ण कवळीवाल्यांचं काय?

सी-२०१: आजोबा, त्याला पकड घ्यायला दात लागतात. जीभ ओढून पुढे धरणारं वेगळं उपकरण असतं, पण तुम्ही मशीन सोडू नका. दात हलत असतील, हिरड्या सुजत असतील किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तरी आधी त्याचे उपचार. आणि हे आधीच सांगते, वर्षानुवर्षं वापरलं की दातांची ठेवण थोडी बदलते. सहा महिन्यांनी दाखवायला यावं लागतं.

ए-१०२: डॉक्टर, दुसऱ्या तपासणीचं सांगा ना.

सी-२०१: तेच सगळ्यात महत्त्वाचं. उपकरण घालून पुन्हा झोपेची तपासणी करायचीच. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडणं थांबलं असं नाही.

ए-१०२: माझं तसंच झालं. घोरणं बंद झालं म्हणून घरात सगळे खूश होते. तपासणीत ताशी १३ निघाले! जबडा आणखी थोडा पुढे नेला, मग ६ वर आलं. त्याच्याआधी दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे, ते तेव्हा कुठे थांबलं.

बी-१०४: हे वाचून धस्स झालं. मुलांच्या शाळेच्या व्हॅनचे काका सिग्नलला डुलकी घेतात असं लेक सांगते. मान जाड आहे, बीपीची गोळी पण चालू आहे. मला वाटायचं रात्री जागतात.

सी-२०१: ताई, ही तिन्ही लक्षणं तपासणी करण्यासारखी आहेत. घरी करायची तपासणी असते, बोटाला क्लिप, छातीला पट्टा आणि नाकापाशी नळी, एका रात्रीचं काम. उपाय काय तो रिपोर्ट आल्यावर ठरवू. पण डोळ्यांवर झोप असताना त्यांनी गाडी चालवू नये.

बी-१०४: सकाळी सात वाजता गेटवर बोलते त्यांच्याशी. तपासणीचे पैसे आम्ही व्हॅनचे पालक मिळून देऊ. तोवर मुलांना आळीपाळीने सोडू या, उद्या मी नेते.

बी-४०३: परवा माझी पाळी. डॉक्टर, शनिवारी ह्यांना रिपोर्टसकट घेऊन येते.