मदत हवी आहे : पुणे ते लाँग आयलंड (अंदमान), सोबत आई

मंडळी, जानेवारीत आईला (वय 68) घेऊन अंदमानातल्या लाँग आयलंडला चार दिवस जायचंय. हॅवलॉक, नील नको, ते दोन्ही झालेत. पुणे-चेन्नई-पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) विमानाची तिकिटं काढलीत, पुढचं अडलंय.

सरकारी बोट थेट जाते, पण तिचं तिकीट आयत्या वेळीच मिळतं असं कळलं. चार दिवस जेटीवर फोन लावतोय, कुणी उचलत नाही. दुसरा रस्ता बसचा. पहाटे निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यात लागायचं, जारवा आदिवासींचं राखीव जंगल न थांबता ओलांडायचं, मिडल स्ट्रेटला बस बार्जवर (गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर) चढवून बाराटांग, तिथून रंगत, आणि रंगतजवळच्या येरट्टा जेटीवरून छोटी बोट. खाजगी गाडी परवडणार नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालते व्यवस्थित, पण मांडव्याला लाँच हलत होती तेव्हा पाय टाकायचा धीरच होईना, शेवटी दोघांनी दंडाला धरून आत घेतलं. समुद्र बघायची हौस मात्र तिचीच आहे, त्यामुळे बेत रद्द करायचा नाहीये.

परतीचं विमान सकाळचं आहे, म्हणून आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला मुक्काम धरलाय.

गेल्या वर्षभरात कुणी गेलं असेल तर सांगा : पहिल्या ताफ्यातली बस पकडली तर येरट्ट्याहून त्याच दिवशीची बोट मिळते का, की रंगतला रात्र काढावी लागते? आणि येरट्ट्याला बोटीत चढायला पायऱ्या आहेत की थेट उडी?