शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं कुणी निवडायची?

शिक्षक, शहादा तालुका
आमच्या माध्यमिक शाळेच्या वाचनालयाचं काम माझ्याकडे आहे. मार्चअखेर अनुदान खर्ची टाकायची घाई होते, पुरवठादार यादी आणतो, तिच्यावर सही होते आणि थोर पुरुषांच्या चरित्रांचा तोच संच तिसऱ्यांदा दाखल होतो. परवा कपाट आवरताना त्यातल्या एका पुस्तकाची तारीख-चिठ्ठी पाहिली. एकच शिक्का, तोही २००९चा. आतली दोन पानं कडेला जोडलेलीच होती, म्हणजे ज्यानं नेलं त्यानंही वाचलं नव्हतं. भुतांच्या गोष्टींची प्रत मात्र मी दोऱ्यानं शिवून शिवून देतोय.

यंदा मागणी वही ठेवली. विहिरीवरची मोटर कशी चालते, पोलीस भरती, क्रिकेट असं मुलांनी लिहिलं. एका पावरा आदिवासी मुलानं विचारलं, आमच्या बोलीतलं पुस्तक आहे का? नव्हतं. खरेदी या वहीवरून आणि देवघेव रजिस्टरवरूनच व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

निवृत्त ग्रंथपाल, धुळे
सर, वही जरूर ठेवा, पण सगळी खरेदी तिच्या हवाली करू नका. ज्याचं नावच मुलानं ऐकलं नाही, ते वहीत येणार कुठून? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आहे, आणि लगेच पुढे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ आहे. तो वाचक शोधणं आपलं काम. शिक्का नाही म्हणून पुस्तक रद्दीत घालाल तर घात होईल. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या कागदपत्रांची दप्तरं गोळा करत होते, तेव्हा ती कित्येकांच्या लेखी रद्दीच होती.

पालक, जळगाव
बोलीतली पुस्तकं कशाला? घरी बोली आहेच. शाळेनं प्रमाण मराठी आणि इंग्रजी द्यावं. आमची पोरं मुलाखतीत अडखळतात ती बोलीमुळेच.

शिक्षिका, अमळनेर
भाऊ, बहिणाबाई तुमच्या जळगावशेजारच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी बोलीतली. त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. आपली बोली छापलेली दिसली की पोरगं पुस्तक हातात घेतं, हे मी वर्गात पाहते. प्रमाण मराठीकडे ते त्याच वाटेनं येतं.

शिक्षक, शहादा तालुका
अण्णा, राजवाड्यांचं दप्तर एकमेव असतं, छापील पुस्तक तसं नसतं. माझ्याकडे सामान्यज्ञानाचा जुना संच आहे, त्यात नंदुरबार जिल्हाच नाही! १ जुलै १९९८ला तो धुळ्यातून वेगळा झाला. आमच्या मुलांना पुस्तकात स्वतःचा जिल्हा सापडत नाही. असलं पुस्तक जपून कुणाचं भलं होतं?

निवृत्त ग्रंथपाल, धुळे
त्या संचाचं निर्लेखन करा, म्हणजे रीतसर नोंद घेऊन तो वाचनालयातून काढून टाका. चुकीची माहिती मुलांच्या हाती नको. पण चरित्रं काढू नका. दर शनिवारी एक घेऊन वर्गात दहा पानं मोठ्यानं वाचा, आणि नेमक्या जागी थांबा. वर्षभरात कुणीच मागितलं नाही तर मग बोलू.

शिक्षक, शहादा तालुका
वाचतो. पण प्रत्येकाची एकच प्रत ठेवणार, आणि यंदा चौथा संच घेणार नाही. त्या पैशातून आधी मोटरचं पुस्तक येईल.